आठ विमानांचे आकडे

नाना पेंटरकडे चहा घेण्याआधी विचारून घ्यावं लागे, हा माणसांचा की पोस्टरांचा? पोस्टरांचा चहा बिनसाखरेचा, काळाकुट्ट. मी एकदा तो अर्धा ग्लास प्यायलो आहे, म्हणून सांगतो.

भडगावात नाना दुकानांच्या पाट्या रंगवत. घर एका खोलीचं, पत्र्याचं, पावसात दोन जागी गळणारं. त्या दोन जागा सोडून बाकी भिंतींवर त्यांनी स्वतः काढलेली आठ पोस्टरं: खाली निळा समुद्र, त्यात करडं जहाज, वर विमान. नानांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गिरणेचा पूर. पोस्टर काढून झालं की त्यावर चहा फासायचा, उन्हात वाळवायचं आणि कोपरे चुरगाळायचे. एस.टी. स्टँडवर नौदलाच्या भरतीचं असंच एक जुनं, पिवळं पडलेलं पोस्टर होतं. ते पाहूनच त्यांचा सुरेश बारावीनंतर बापाशी भांडून निघून गेला होता.

तीन वर्षांत त्याचं एकच आंतरदेशीय आलं. नाना पाटीवर हातभर अक्षरं झोकात काढत, पण हाताचं गिचमिड लिहिणं त्यांना लागत नसे. मी शेजारचा, आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., तेव्हा वाचायचा मान माझा. पत्रात खुशाली होती आणि एक ओळ: विमानाला आकडा असतो, तो जहाजावरच्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं.

आकडा म्हटला की आमच्याकडे एकच, बांबूला बांधून विजेच्या तारेवर टाकतात तो. नानांनी आठही विमानांच्या नाकाला तसाच आकडा काढला. वायरमन आला की म्हणे, "नाना, मिलिटरीले तरी मीटर लेवाले सांगा." नाना गंभीरपणे सांगत, "इमानले बी आकडा लागस, भाऊ."

एक दिवस माझ्या लक्षात आलं, आठही विमानं उतरताहेत. स्टँडवरचं तर उडत होतं. मी विचारलं, एखादं उडणारं का नाही काढलं? नाना बराच वेळ ब्रश धूत राहिले.

"जानारं काबरं काढू? ते मी देखेल शे."

त्याच दुपारी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. आठवण येते, राग सोड, असं काहीतरी घालू म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. "इतलंच लिख. आकडा बरोबर शे का, ईसन देखी जाय."

सुरेश आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारातून भिंतींकडे बघत राहिला. एकेक करून आठही पाहिली. मग म्हणाला, "नाना, आकडा मांगे ऱ्हास. शेपटीखाले."

नानांनी रंगाचा डबा उचलून त्याच्या हातात दिला.

त्याला चार दिवसांची रजा होती. चार दिवसांत आठही विमानांचे आकडे मागे गेले.