निर्णय होईपर्यंत बस बंद राहील

ज्या शहरात निर्णय लवकर होतात, तिथली माणसं एकमेकांशी बोलणं हळूहळू विसरतात. आमच्या शहरावर अजून ती वेळ आलेली नाही. जलद बस आणावी की भुयारी रेल्वे, हा वाद आमच्याकडे कित्येक वर्षं अखंड चालू आहे, आणि या काळात शहरात एकही माणूस गप्प राहिलेला नाही. (एक अपवाद आहे. तो पुढे येईल. चालत येत असल्यामुळे वेळ लागेल.)

प्रस्तुत लेखक हा वाद चालवणाऱ्या समितीचा सचिव आहे. सबब खालील मजकूर निःपक्षपाती समजावा.

बाजू

बसवाल्यांचं म्हणणं असं की, रस्त्याच्या मधोमध एक पट्टा फक्त बससाठी राखून ठेवावा. काम स्वस्तात होतं, लवकर होतं. भुयारीवाल्यांचं म्हणणं असं की, सगळं जमिनीखालून न्यावं. खर्च होतो, पण एकदाच होतो, आणि वरचं शहर मोकळं राहतं. दोन्ही म्हणणी बरोबर आहेत. हीच या वादाची ताकद आहे. एक जरी चुकीचं असतं तर वाद केव्हाच मिटला असता आणि इतक्या तज्ज्ञांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला असता.

समितीच्या पाहणीनुसार शहरातल्या दर शंभर नागरिकांपैकी एकसष्ट जण बसच्या बाजूचे आहेत आणि त्रेसष्ट जण भुयारीच्या. (वरचे चोवीस हे घरी एक आणि कचेरीत एक बोलणारे आहेत. त्यांना दोन्हीकडे धरलं, कारण कोणावरही अन्याय करायचा नाही.)

समान संधी

उद्या बसचा निर्णय झाला तर तयारी असावी म्हणून मुख्य रस्त्याच्या मधला पट्टा कुंपण घालून राखून ठेवला आहे. उद्या भुयारीचा निर्णय झाला तर तयारी असावी म्हणून त्याच्या शेजारी तितक्याच रुंदीचा खड्डा खणून ठेवला आहे. पट्ट्यात कोणी जायचं नाही, खड्ड्यात कोणाला जायचं नाही. उरलेल्या जागेतून मोटारी, सायकली, माणसं आणि मतभेद एका रांगेत, शिस्तीत पुढे सरकतात.

[हा परिच्छेद राखीव आहे. मोकळा दिसला तरी इतर वाक्यांनी यात शिरू नये.]

[या परिच्छेदाखाली खोदकाम चालू आहे. वाचकांनी कडेने जावं.]

जुनी बस

सगळ्यात नाजूक प्रश्न जुन्या बसचा होता. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एक साधी बस जायची. खडखडायची, रडतखडत जायची, पण जायची. भुयारीवाल्यांनी हरकत घेतली की, विषय विचाराधीन असताना रस्त्यावरून रोज एक बस फिरवणं हा उघड उघड बसचा प्रचार आहे. यावर बसवाले भांडतील असं वाटलं होतं. पण त्यांची हरकत आणखी कडक निघाली. असली खटारा बस लोकांच्या डोळ्यांसमोर नाचवणं ही समस्त बसगाड्यांची बदनामी आहे, असं त्यांनी लेखी दिलं.

समितीच्या इतिहासात दोन्ही बाजूंचं एकमत झालेला हा पहिलाच ठराव. प्रत्येक थांब्यावर पाटी लागली: 'निर्णय होईपर्यंत बस बंद राहील.' लोक थोडे दिवस पाटीखाली उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की पाटी वाहन नाही.

माझी थोरली बहीण

ताई कवळ्या बनवते. शहराच्या पलीकडच्या टोकाला दातांचा एक कारखाना आहे, तिथे खिडकीजवळचं टेबल तिचं. समोर प्लास्टरचे साचे, मेणाची पट्टी, बारीक कानस, आणि ओळीने मांडलेले अर्धवट जबडे. तिच्या हातची कवळी बसली की माणूस पहिल्याच दिवशी बायकोशी भांडू शकतो, असा लौकिक आहे. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे बत्तिशीवाले म्हणतात, स्वभावाने वाईट नाहीत. बस बंद झाल्यावर ताई रोज उशिरा पोचू लागली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुमचं काम सोन्यासारखं आहे हो बाई. पण खिडकीजवळच्या टेबलासाठी दुसरी एक बाई विचारून गेलीय. ती जवळच राहते."

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. चप्पल दारातच झटकली.

"सचिवसाहेब, बस कधी सोडताय?"

"निर्णय झाला की."

"कसला निर्णय?"

"बस आणायची की नाही याचा."

"अरे, होती ती काय होतं मग?"

"ती जुनी बस, ताई. तिचा या बसशी काही संबंध नाही."

किडलेल्या दाढेकडे बघावं तसं ताईने माझ्याकडे बघितलं. "लहानपणी तू पाळण्यातून पडला होतास. आई म्हणाली, काही होत नाही. तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

(ही सूचना विषयपत्रिकेत नसल्यामुळे तिच्यावर चर्चा झाली नाही.)

वादगाडी

अडचण समितीलाही होऊ लागली होती. रस्त्याच्या अवस्थेमुळे वाद घालणारेच सभेला पोचेनात. एकदा तर बसवाल्यांचे मुख्य वक्ते आणि भुयारीवाल्यांचे मुख्य वक्ते एकाच कोंडीत सापडले आणि तिथेच, आपापल्या मोटारीच्या काचा खाली करून, वाद घालून घरी गेले. सभेची नोंद कशी करायची? शेवटी असं ठरलं की, नोंदणीकृत वादकांना घरून आणायला समितीने एक गाडी ठेवावी. ती शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सकाळ-संध्याकाळ फिरेल, वाद गाडीतच सुरू होईल, आणि दर आठवड्याला मधल्या सभागृहात तो सगळा एकत्र घातला जाईल. आदेशात स्पष्ट लिहिलं: वाद असेपर्यंत गाडी, वाद संपल्यावर नाही.

ती बस नाही. तसं तिच्यावर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. बस नसल्यामुळे ती बसमध्ये मोडत नाही, आणि समितीची असल्यामुळे राखीव पट्ट्यातून जाऊ शकते. मोकळ्या पट्ट्यातून ती अशी सुसाट जाते की कुंपणापलीकडे रांगेत चालणाऱ्यांना वारा लागतो. एवढी वेळेवर चालणारी वाहतूक या शहराने आजवर पाहिलेली नाही. तिच्यात बसून दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ या शहरात जलद वाहतूक शक्य आहे का, यावर रोज चर्चा करतात.

डावीकडची आसनं बसवाल्यांची, उजवीकडची भुयारीवाल्यांची. दोन्ही बाजूंना समान. नोंदणीसाठी तोंडी परीक्षा असते. ताई पहिल्याच फेरीत, निव्वळ गुणवत्तेवर, निवडली गेली. (परीक्षक प्रस्तुत लेखक होता.) डावीकडे जागा शिल्लक होती म्हणून ती बसची कट्टर समर्थक झाली. पुढच्या महिन्यात उजवीकडे खिडकी मिळाली, तेव्हा तिला भुयारीचं महत्त्व पटलं.

गाडी तिच्या दारात येते आणि कारखान्याच्या दारात सोडते. खिडकीजवळचं टेबल वाचलं.

अपवाद

सभागृहाच्या मागच्या गल्लीत कवायतीचे एक निवृत्त मास्तर राहतात. एके काळी त्यांनी 'सावधान' म्हटलं की शेजारच्या शाळेतली मुलंसुद्धा ताठ व्हायची. आता तोंडात दात नाहीत. त्यांची कवळी ताईच्या फळीवर कधीची तयार पडली होती. पण कवळी तोंडात घालून, घासून, बसवून द्यावी लागते. त्यासाठी माणसाने यावं लागतं, आणि यायला बस नाही. सरांचे गुडघे तेवढं अंतर चालू देत नाहीत. सरांनी वादगाडीसाठी अर्ज केला. तोंडी परीक्षेत ते बराच वेळ बोलले, पण ते बसच्या बाजूने बोलताहेत की भुयारीच्या, हे कोणालाच कळलं नाही. त्यामुळे त्यांना कुठल्या बाजूला बसवायचं हे ठरेना, आणि अर्ज नामंजूर झाला.

थोडक्यात: दात नाहीत म्हणून बाजू नाही, बाजू नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून दात नाहीत. या प्रक्रियेत समितीकडून कुठेही चूक झालेली नाही. ती तीनदा तपासलेली आहे.

ती सभा

मग आमच्या अध्यक्षांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. काहीतरी पुरं करायची जुनी खोड. भर सभेत म्हणाले, "मंडळी, पुरे झालं. आज हात वर करून काय ते ठरवू."

बोलायला वर झालेले हातसुद्धा खाली आले.

समोर बसलेले सगळे वादगाडीने आले होते. निर्णय झाला की संध्याकाळी गाडी बंद. मग बस यायला काही वर्षं, भुयारी यायला त्याहून काही. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला शेवटचं असं मी दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं.

तेवढ्यात मागून मास्तर उठले. ताठ उभे राहिले आणि बोलले. छातीतून, मनापासून, बराच वेळ. त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ.

"सर आमच्या बाजूने बोलले," बसवाले म्हणाले.

"खाली म्हणाले ते, खाली. स्पष्ट ऐकलं मी," भुयारीवाल्यांचे वक्ते म्हणाले.

अध्यक्षांनी ताईकडे बघितलं. "बाई, तुमचं रोजचं काम बिनदातांच्या माणसांशी. तुम्हाला कळतं ना यांचं?"

"कळतं," ताई म्हणाली.

"काय म्हणाले?"

ताईने मास्तरांकडे बघितलं नाही. "म्हणाले की घाई नको. ट्रामचा कोणी विचारच केलेला नाही. तिसरा पर्याय म्हणून तिचाही अभ्यास व्हावा."

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात हलवले, डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "या वयात केवढी ही तळमळ."

मतदान रद्द. ट्रामचा अभ्यास करण्याचा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर.

परतीची फेरी

गाडीत मी ताईच्या शेजारी बसलो. (सचिवाचं आसन मधोमध असतं. त्या दिवशी तटस्थता जरा बाजूला ठेवली.)

"खरं काय म्हणाले गं ते?"

"म्हणाले, 'वाद घाला हवा तेवढा, पण तोवर जुनी बस तर सोडा. मला लेकीकडे जायचंय.'"

"आणि तू..."

"जुनी बस माझ्या दारात येत नव्हती."

कुंपणापलीकडे माणसं रांगेने घरी चालली होती. कोणाच्या डोक्यावर गोणी, कोणाच्या कडेवर मूल. ताईने थोडा वेळ बघितलं.

"काच लाव रे. धूळ येतेय."

त्यानंतर

ताईला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने कारखान्याचा नियम मोडला. कवळी डब्यात घालून वादगाडीने आणली आणि मास्तरांच्या ओसरीवर बसून, कानशीने घासून घासून, स्वतः बसवली. काही वेळाने मास्तरांनी तोंड मिटलं, उघडलं, आणि म्हणाले, "सावधान." पलीकडच्या घरातला एक गृहस्थ सवयीने उभा राहिला.

"सर," ताई म्हणाली, "माझ्याकडून वाईट झालं. आता तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी मध्ये पडणार नाही."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

दातांसह दिलेल्या तोंडी परीक्षेत ते अव्वल आले. ट्रामची बाजू नवी असल्यामुळे गाडीत मधल्या वाटेत तिच्यासाठी खुर्च्या टाकल्या होत्या. पहिली खुर्ची त्यांना मिळाली. गाडी त्यांना लेकीच्या दारापर्यंत नेऊ लागली. नातवंडांना कवायत शिकवून मास्तर संध्याकाळच्या फेरीने परत येऊ लागले.

मग सभा भरली. मास्तर उठले. ताईने मान खाली घातली. मी लेखणी सरसावली. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. दारात गाडी उभी होती.

"ट्रामचा अभ्यास सखोल व्हायला हवा," ते म्हणाले. "घाई नको."

एकेक अक्षर खणखणीत. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. ताईच्या हातचं काम आहे ते.

वाचकांच्या सूचना

हे वाचताना आपण मनाशी म्हणालात, 'मग जुनी बस सरळ सुरू का करत नाहीत?' सूचना उत्तम आहे. चौथा पर्याय म्हणून तिची नोंद घेतली असून आपली नोंदणीही केली आहे. उद्या सकाळी गाडी आपल्या दारात येईल.

फक्त उभं राहावं लागेल. आपल्याआधी ज्यांना हेच सुचलं होतं, ते सगळे बसलेले आहेत.