ताईंसाठी स्थळ पाहिजे

आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, राहणारे नेरकरकाका रोज एका सापाकडे पाठ करून जेवायचे.

साप काचेच्या पेटीत, पेटी हॉलमध्ये, आणि हे गृहस्थ पेटीच्या पुढ्यात स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. समोर स्टीलची दोन ताटं. एकात वरणभात, दुसरं रिकामंच, भिंतीला टेकवून उभं केलेलं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एक तर मुक्या जिवाला कोंडायचं, वर त्याच्याकडे पाठ फिरवून ओरपायचं! अहो, जेलरसुद्धा कैद्याकडे अधूनमधून बघतो.

मी नागपूरची. बुद्धविहारासमोर पत्रकं वाटत मोठी झाले आणि शिकायला अमेरिकेत, कॅरीला आले ती ही सवय सोबत घेऊनच. इथे माझा विषय वन्यप्राणी पाळणाऱ्यांचा निषेध. ‘पेटी हे घर नव्हे!’ या मथळ्याचं पत्रक मी काकांच्या दाराखालून सरकवलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दाराखाली परत आलं, लाल शाईत तपासून. ‘सापाची क्रूर नजर’ खोडलेलं आणि समासात शेरा: “सापाला पापण्या नसतात, म्हणून तसं वाटतं. बाकी भाषा जोरदार.”

औषधाच्या कंपनीत गोळ्या तपासून तपासून माणूस असा होतो.

त्यांच्या सापिणीचं नाव ताई. आशियाई रॅट स्नेक. आपल्या धामणीच्या नात्यातली, वंश तैवानचा, जन्म फ्लोरिडातला. पिवळसर अंगावर काळी नक्षी, आणि लांबी माझ्या उंचीहून जास्त. विष अजिबात नाही, पण भिडस्त इतकी की कुणी आलं की लाकडाच्या ढोलीत गडप. काका तिला कधी एकेरी हाक मारत नसत. “ताई कात टाकतायत, नंतर ये.” “ताईंचा आज मूड नाही.” ताईंना उकाडा सोसत नाही म्हणून नॉर्थ कॅरोलायनाच्या जुलैत एसी असा लावलेला की काका घरात स्वेटर आणि कानटोपी घालून फिरायचे. स्वतः अंडंही न खाणाऱ्या या माणसाच्या फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर असत. ते कोमट पाण्यात घालून, अधूनमधून बोटाने दाबून बघायचे, मटकी भिजली का बघतात तसं.

आणि सगळ्यावर एकच मंत्र. “ताईंच्या कलानं घ्यायचं.”

मग कंपनीने काकांना काढलं. व्हिसा कंपनीच्या नावावर. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही तर गाशा गुंडाळा! आयुष्याची उमेदीची वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेल्या माणसाला हे सांगताना यांना काही वाटत नाही? त्या रांगेवरही मी पत्रक काढणार आहे. असो. नोकरी मिळेना, सटाण्याचं तिकीट निघालं. ताईंना तिकडे न्यायला परवानगी नव्हती.

“सोडून द्या ना रानात,” मी म्हटलं.

“कुठल्या? हे रान ताईंचं नाही. आणि ज्या रानाच्या त्या म्हणता येतील, ते त्यांनी पाहिलेलं नाही.”

 

तेव्हा काकांनी ताईंसाठी स्थळं बघायला घेतली. हा शब्द त्यांचाच. रीतसर बायोडेटा केला आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आणला. नाव, जन्म, जात, उंची...

“आधी जातीचा रकाना खोडा.”

“अगं, सापाची जात!”

“तरी खोडा. सवय इथूनच लागते.”

त्यांनी मुकाट्याने खोडला.

दर शनिवारी पाहुणे. काका कांदेपोहे करायचे, वर ओला नारळ. मी चहा द्यायला, आणि खरं तर निषेध नोंदवायला, हजर. पहिला शेजारच्या रॅले शहरातला एक दाढीवाला. बसतो न बसतो तोच म्हणाला, “सर, गळ्यात घालून एक रील काढू का?” काकांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. अक्षरशः काढून घेतली हो, पोहे अर्धे राहिले होते.

मग इथल्या मराठी मंडळाच्या एक काकू. “आम्हाला कायमची नको, नागपंचमीपुरती द्या. स्टेजवर ठेवू, मुलांना कल्चर कळेल. दुधाची वाटी मी आणते.”

“साप दूध पीत नाही.”

“पीत नसला तरी चालेल, फोटोपुरतं.”

“काकू,” मी म्हटलं, “तुम्हालाच ठेवलं स्टेजवर पेटीत, समोर उंदीर, फोटोपुरता, तर?” काकू गेल्या. मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलं.

तिसरी रिया, इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर. चांगली होती. माहिती वाचून आली होती, पोहे दोनदा घेतले. हातात घेता येईल का, हे तिने विचारलंच; मग पेटीपाशी वाकून म्हणाली, “अंकल, डझ शी नो यू?”

काका बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “तसं काही नसतं त्यांच्यात.”

तिलाही नकार गेला.

निघायची तारीख तोंडावर आली तेव्हा मी वर जाऊन सरळ भांडले. “काका, बॅगा भरल्यात तुम्ही! रियात काय वाईट होतं? तुम्हाला ताईंना द्यायचंच नाहीये कुणाला!”

काका एसीचं तापमान बघत होते. “सगळ्यांनी विचारलं, हातात घेऊ का. तू एवढे दिवस येतेस, भांडतेस, कधी विचारलं नाहीस.”

“मी? मी तर म्हणते, त्यांच्या वाट्यालाच जाऊ नका!”

“हां. म्हणूनच.”

बघा! पत्रक माझं, आणि पेचात मीच. मी खूप बोलले. तत्त्व, भूमिका, लोक काय म्हणतील. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पेटीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. जिना उतरवताना सूचना चालूच: पाणी रोज बदल, कात टाकताना ओलं शेवाळ ठेव, दार वाजवू नकोस. शेवटी त्यांनी ते रिकामं ताट आणून दिलं.

“हे कशाला?”

“समोरून बघितलं की ताई ढोलीतून येत नाहीत. पाठ करून बसलं, जेवताना हालचाल बेताची ठेवली, तर येतात. मग ताटात दिसतात.”

“रोज यायच्या?”

“जेवायच्या वेळेला,” काका म्हणाले, आणि कानटोपी नीट करत जिना चढून गेले.

पत्रक मी अजूनही वाटते. पेटी हे घर नव्हे, यावर मी ठाम आहे. फक्त घरात स्वेटर घालते.

ताई बरेच दिवस आल्या नाहीत. काकांचा दर रविवारी व्हिडिओ कॉल. माझा नाश्ता, त्यांचं रात्रीचं जेवण. “आल्या?” “नाही.” “कलानं घे.” एवढंच बोलणं. गेल्या रविवारी मी भिंतीकडे तोंड करून उपमा खात होते, फोन मांडीवर. ताटात काहीतरी पिवळं हललं. स्टीलवर चेहरा वगैरे दिसत नाही. नुसती एक लांब, धुरकट रेघ, हळूहळू वर चढणारी.

“काका,” मी पुटपुटले, “आल्या. थांबा, फोन फिरवते.”

“फिरवू नकोस!” ते तिकडे कुजबुजले, सटाण्याहून! “ताटातच दाखव.”

मी फोन ताटासमोर धरला. काका घास हातात धरून बघत राहिले. त्यांच्या पाठीमागे कोरी भिंत होती. चित्र जरा तिरकं येत होतं.

“तुमचा फोन वाकडा आहे, काका. कशाला टेकवलाय?”

“ताटाला,” ते म्हणाले. “तू जेव. बोलू नकोस.”