ऑफिसात पलंग चालत नाही

कर वाचवायला अक्कल लागते, आणि आमच्या गावात ती दोघांकडेच आहे: एक आमचा करसल्लागार लेलंड, दुसरा मी. असं मी गेल्या हिवाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. हल्ली फक्त लेलंडचं नाव घेतो.

माझा धंदा धुराडी साफ करण्याचा. विस्कॉन्सिनच्या थंडीत घरोघरी लाकडं जळतात, त्यामुळे काजळीला तोटा नाही. एकदा लेलंड म्हणाला, "गॉर्डी, घरातली एखादी जागा फक्त धंद्यासाठी वापरलीस तर तिच्या खर्चाची करातून वजावट मिळते. पण फक्त म्हणजे फक्त. तिथेच पाहुण्यांचा पलंग टाकलास की संपलं."

झालं! वरच्या मजल्यावर लेकीची खोली रिकामीच होती. कर्स्टन तिकडे मॅडिसन शहरात नोकरी करते, उन्हाळ्यात तिचं ट्रॉयशी लग्न ठरलेलं. मी तिचा पलंग गॅरेजमध्ये हलवला आणि टेबल, खुर्ची, फायली वर चढवल्या. माझी बायको मार्लिस म्हणाली, "आणि पोरगी आली की?" मी म्हटलं, "सोफा आहे की." तिनं सोफ्याकडे एकदा बघितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मार्लिस गप्प बसली की माणसानं समजून घ्यायचं असतं. मी वजावटीचा हिशेब करत होतो.

नियम म्हणजे नियम! मार्लिसचं शिलाई मशीन मी दारातूनच परत पाठवलं. ऑफिसात असताना बहिणीचा फोन आला तर उठून पॅसेजमध्ये जायचो आणि तिथे उभ्याउभ्या तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचो. सँडविचसुद्धा उंबऱ्याबाहेर उभं राहून खाल्लं.

जानेवारीत, ऐन बर्फात, कर्स्टन अचानक आली. दोन मोठ्या सुटकेस आणि एक मांजर. "चार दिवस राहते," म्हणाली. चार दिवसांना एवढं सामान कशाला, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या बापाला पडला असता. मी तिला हौसेनं ऑफिस दाखवायला नेलं. पलंगाच्या जागी फायलींचं कपाट बघून ती जरा थांबली. "छान झालंय, बाबा," म्हणाली, सुटकेस पॅसेजमध्येच ठेवल्या आणि खाली सोफ्याकडे गेली.

मांजराला ऑफिस भलतंच आवडलं. रोज खुर्चीत बसून माझ्याकडे असं बघायचं, जणू मीच नोकरीसाठी आलोय. ट्यूना माशाची लाच देऊन मी त्याला बाहेर काढायचो. मग एका सकाळी दार उघडलं तर आत खिडकीखाली, जमिनीवर, कर्स्टन बसलेली. मांडीवर मांजर, डोळे लाल. मला वाटलं, सर्दी झालीय.

"अगं, इथे कामाशिवाय बसता येत नाही," मी म्हटलं. "कराचा प्रश्न आहे."

ती लगेच उठली. "सॉरी, मला माहीत नव्हतं." परक्याच्या घरात चुकून भलतं दार उघडल्यावर म्हणतात, तसं म्हणाली. कुठेतरी टोचलं मला, पण फाईल उघडून बसलो.

दुपारी कॉफीसाठी खाली आलो तर मार्लिस स्वयंपाकघरात हाताची घडी घालून उभी.

"तिनं लग्न मोडलंय, गॉर्डी. आपल्या खोलीत बसून पोटभर रडायला आली होती पोरगी, आणि तू तिला नियम सांगितलास. सामान भरतेय वर. मैत्रिणीकडे जाते म्हणते."

मी तडक गॅरेजमध्ये पळालो. पलंग एकट्याला उचलेना, म्हणून गादी डोक्यावर घेतली आणि जिना चढू लागलो. उभा जन्म लोकांच्या धुराड्यांत शिरण्यात गेला, पण स्वतःच्या जिन्याच्या वळणावर अडकलो! गादी भिंत आणि कठड्यामध्ये पाचरीसारखी बसली, आणि मी गादीखाली. वर जाता येईना, खाली येता येईना. तेवढ्यात वरून सुटकेसची चाकं वाजली आणि गादीच्या पलीकडे थांबली.

"बाबा? काय करतोयस?"

"गादी आणतोय."

"ऑफिसात पलंग चालत नाही ना?"

"ऑफिस बंद झालं."

"कधी?"

"आत्ताच. जिन्यात."

ती हसली नाही. पण पायरीवर बसल्याचं ऐकू आलं. माझा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, ती बोलायला लागली. ट्रॉय चांगला मुलगा आहे, त्याची काही चूक नाही. पण लग्नाच्या तारखेचा विषय कुणी काढला की तिला तिथून पळून जावंसं वाटायचं. शेवटी तिनंच नाही म्हटलं. आता सगळे वेड्यात काढताहेत.

"म्हणून घरी आले," ती म्हणाली, "तर इथेही माझी जागा नाही. तुम्हाला दोघांना माझ्यावाचून राहायची सवय झाली, बाबा."

"सवय कसली डोंबलाची!" मी गादीत तोंड खुपसून ओरडलो. "तू गेल्यापासून त्या खोलीवरून जाताना मी मान वळवून जायचो. दार बंद ठेवायला काहीतरी निमित्त हवं होतं मला. लेलंडनं आयतं दिलं."

वरून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग तिनं गादीचं टोक धरलं. खालून मार्लिस सरसावली, पण तिनं गादीऐवजी मलाच ढकललं. आम्ही तिघं गादीसकट वरच्या पॅसेजमध्ये जाऊन पडलो. तेव्हा मात्र कर्स्टन हसली, आणि हसता हसता माझ्या काजळलेल्या शर्टात तोंड लपवून मनसोक्त रडली. मैत्रिणीकडे जायचं राहून गेलं.

मार्चमध्ये विवरणपत्र भरायला लेलंडचा फोन आला.

"ती वरची खोली फक्त एकाच कारणासाठी वापरतोस ना?"

"फक्त एकाच."

"कशासाठी?"

"लेकीसाठी."

लेलंडनं पेन खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग हळूच म्हणाला, "त्याची वजावट मिळत नाही रे, गॉर्डी."

"मग पूर्ण कर भरू," मी म्हटलं.

लेलंड म्हणजे सगळी हयात गिऱ्हाइकांची विवरणपत्रं भरण्यात गेलेला माणूस, पण हे वाक्य इतक्या आनंदानं म्हटलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मला फोन मार्लिसकडे द्यायला लावला आणि माझी तब्येत बरी आहे ना, याची खात्री करून घेतली.