तीन महिन्यांची सरासरी

आमचे शेजारी तात्या नाव सांगायच्या आधी साखर सांगतात. नवा भाडेकरू ओळख करून घ्यायला आला, तर म्हणाले, "उपाशीपोटी एकशे दहा. बसा." तो बिचारा उभाच राहिला.

साखरेशी त्यांचं तसं वैर नाही. सारी हयात तिच्यावरच गेली. कन्नड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते उसाच्या गाड्या तोलायचे. दुष्काळात ऊस संपला, कारखाना बंद पडला आणि तात्या काकूंना घेऊन शहरात, आमच्या मुकुंदवाडीत आले. इथं इमारती भराभर उठत होत्या आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. तोलायची खोड काही सुटली नाही. भाकरीसुद्धा काट्यावरून ताटात यायची. लग्नात कुणी दुसरी जिलबी उचलली की अनोळखी माणसालाही दम: "पाय कापून घ्यायचाय का, राव?"

दाढ गेली तेव्हा हट्ट धरला, "कवळी नाय. स्क्रूवालीच बसवायची." उस्मानपुऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. सकाळची साखर झकास, तीन महिन्यांची सरासरी मात्र भयंकर. "आधी ही खाली आणा. नाहीतर हाड स्क्रूला धरणार नाही."

तात्यांनी आणली! काकूंना विसर पडायला लागला म्हणून लेकीनं त्यांना तेव्हा पुण्याला नेलं होतं. स्क्रू बसला आणि तात्यांनी गल्लीभर जबडा उघडून दाखवला. पण काकू तिकडं 'घरी चला' म्हणून रडायच्या. तात्या जाऊन त्यांना घेऊन आले. दोन-तीन महिन्यांत हिरडीत पू झाला, स्क्रू हलायला लागला.

तो काढायला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं.

"सरासरी पुन्हा चढलीय. खरं सांगा, काय खाता?" बाईंनी विचारलं.

"लग्नसराई हाय, म्याडम."

भर भाद्रपदात कसली लग्नसराई! मला हसू आलं, आणि रागही आला.

घरी आलो. तात्यांच्या तोंडात कापूस दाबलेला. टेबलावर सकाळचे तीन रिकामे कप तसेच होते, तळाशी साखर साचलेली. काकू चौथा घेऊन आल्या. "सकाळपासून घोटभर चा घेतला नाय तुम्ही."

तात्यांनी कापूस काढला आणि सगळा चहा पिऊन टाकला.

काकू आत गेल्यावर मी भडकलो. "तात्या, साखरेचा डबा लपवून ठेवा की!"

"ठेवला होता. तिनं फिका चा चाखला अन् लई रडली. म्हनं, मला आता चा बी जमेना. लेकीचं नाव गेलं, माझं गेलं. येवढंच राह्यलंय तिच्यापाशी. ते मी कसं काढून घेऊ, बाबा?"

तेवढ्यात काकू पुन्हा दारात आल्या. दहा वर्षं शेजारी राहणाऱ्या माझ्याकडं अनोळख्यासारखं बघत राहिल्या.

"पाव्हण्यांना चा ठेवू का?"

ओठाचं रक्त रुमालानं पुसत तात्या म्हणाले, "ठेव की. अन् मलाबी टाक घोटभर. सकाळपासून घेतलाच नाय."