चिटणीस सरांचे मार्क

परीक्षा घेताना चिटणीस सर मुलांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. मागे मुलगा घाम पुसत गिटार वाजवतोय आणि परीक्षक भिंतीचे पोपडे बघतोय, हे दृश्य आमच्या शाळेत दर सहामाहीला दिसे. कारण विचारलं तर म्हणत, "चेहरा बघितला की मार्क वाढतात, शिर्केबेन."

समा या गुजराती वस्तीतल्या त्या शाळेत मी गणित शिकवते. माझा वर्ग त्यांच्या खोलीला लागून, त्यामुळे सरांचा संताप मला रोज ऐकू येई. मुलांवर ते गुजरातीत चिडत, आमच्यावर मराठीत आणि प्रिन्सिपल मॅडमवर इंग्रजीत. "सूर क्यां छे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मुलं बिचारी गिटारच्या भोकात डोकावत, जणू तो आत पडला असावा.

गिटारवर स्टिकर चिकटवणाऱ्यांचा त्यांना राग, डाव्या हाताची नखं वाढवणाऱ्यांचा राग, मोबाइलकडे बघून तारा जुळवणाऱ्यांचा तर फारच. दहापैकी पाच म्हणजे त्यांच्या लेखी खैरात. नऊ त्यांनी एकदाच दिले. त्या मुलीची तार उतरली होती. तिने मध्येच थांबून ती जुळवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. धून काही पुरी झाली नाही. पण सर म्हणाले, तिला ऐकू आलं.

यंदा ट्रस्टींचा मुलगा परीक्षेला बसला. गिटार भारी, सोबत स्पीकरवर तयार ट्रॅक. सरांनी भिंतीकडे बघतच हात लांब करून स्पीकर बंद केला. मग जे काही उरलं, त्याला दोन मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सरांना बोलावलं. निकालाचं काम माझ्याकडे, म्हणून मलाही. मॅडम गोड आवाजात सांगू लागल्या की गिटार हा हौसेचा विषय, मुलं खूश राहायला हवीत, यापुढे आत्मविश्वासाला आणि हसऱ्या चेहऱ्यालाही मार्क आहेत, तर दोनाचे आठ करा. सर म्हणाले, हसण्याचे मार्क द्यायचे तर फोटोग्राफर बोलवा. मग आवाज उतरला.

"आठ दिले तर आपल्याला येत नाही हे त्याला कळणार कसं? मग तो शिकणार कधी?"

मॅडमनी त्यांच्यादेखत कॉम्प्युटरवर आकडा बदलला आणि दिवाळीनंतर नवे शिक्षक येतील असं सांगितलं. मी संतापून स्टाफरूममध्ये आले, सगळ्यांना सांगितलं. "जवा दो ने, बेन," म्हणत सगळे चहा पीत राहिले.

संध्याकाळी तडक शहरातल्याच अकोटा भागात सरांच्या घरी गेले. म्हटलं, कुणी येवो न येवो, आपण दोघं ट्रस्टींकडे जाऊ. दार उघडंच होतं. झोपाळ्यावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. एके काळी त्या नागरवाड्यात गाण्याचा क्लास घेत. समोर सतरंजीवर सर मांडी घालून गिटार वाजवत होते. इतकं सुरेल मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटचा सूर मात्र साफ चुकला. मलासुद्धा कळलं.

"बेसूर," बाई कडक आवाजात म्हणाल्या. "नापास. उद्या पुन्हा ये."

"येतो, बाई," सर म्हणाले.

त्या आत गेल्यावर सरांनी सांगितलं की त्यांना आता नवरा आठवत नाही, फक्त क्लास आठवतो. रोज संध्याकाळी त्या विद्यार्थ्यांची वाट बघतात. मी म्हटलं, पण शेवटचा सूर तुम्ही मुद्दाम चुकवलात.

सर गिटार पुसत होते.

"एकदा नीट वाजवलं होतं. म्हणाली, तुला आता येतं, उद्यापासून येऊ नकोस."