अकरा जणांचा गुरुवार

सकाळी नऊ वाजता छोट्या मॅडम सरकारी मनोरुग्णालयाच्या दारातून आत शिरल्या. आज गुरुवार, चौदा तारीख. चार वाजता मोठ्या मॅडम त्यांची तोंडी परीक्षा घेणार, मग तपासणीचे कागद लावलेल्या त्यांच्या वहीवर सही करायची की नाही ते ठरवणार. सही झालीच, तर ती वही पाचच्या आत समोरच्या इमारतीतल्या परीक्षा विभागात द्यायची होती. पाच वाजले की तिथली खिडकी बंद, आणि मग सहा महिन्यांची सगळी उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून.

छोट्या मॅडम म्हणजे चिकित्सा मानसशास्त्राच्या शिकाऊ विद्यार्थिनी. हे लांबलचक पद शिपायाला उच्चारायचा कंटाळा यायचा, म्हणून त्याने विभागप्रमुख बाईंना मोठ्या मॅडम आणि यांना छोट्या मॅडम करून टाकलं होतं. त्यांचं काम एका दमात सांगता येण्यासारखं होतं. आलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, बरोबरच्या नातेवाइकांना गोड बोलून बाहेर काढायचं, त्याची सगळी कहाणी लिहून घ्यायची, मग वार कोणता, तारीख कोणती, आपण कुठे आहोत, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न विचारून त्याच्या मनाची तपासणी करायची आणि निष्कर्ष मोठ्या मॅडमपुढे ठेवायचा. गाडं अडत होतं ते या निष्कर्षापाशी. छोट्या मॅडमना समोरच्या माणसाची इतकी दया यायची, की सगळ्यांच्या कागदावर त्या "विशेष काही आढळले नाही" असंच लिहायच्या. मोठ्या मॅडमनी वही चार वेळा परत केली होती.

"तुम्हाला कुणातच काही आढळत नाही," त्या शेवटच्या वेळी म्हणाल्या होत्या, "मग ही माणसं काय इथे हवापालटाला येतात? गुरुवारपर्यंत मला निष्कर्ष दिसले पाहिजेत. स्पष्ट."

तर अशा अवस्थेत छोट्या मॅडमनी मोबाईल कपाटात ठेवला, कारण तपासणीच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही असा नियम होता, आणि पहिला केसपेपर हातात घेतला. त्याच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का होता. तारीख तेरा.

छोट्या मॅडमनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दुसरा केसपेपर पाहिला, तिसरा पाहिला. तेरा, तेरा, तेरा. म्हणजे आज बुधवार. आठवडाभर वही लिहून लिहून आपलाच वाराचा हिशेब चुकला म्हणायचा. त्यांचा जीव भांड्यात पडला. अख्खा एक दिवस फुकटात मिळाला होता. माणसाला हवं ते असं आयतं समोर आलं की तो फार चौकशी करत बसत नाही, आणि छोट्या मॅडम तर माणसाच्या मनाच्या अभ्यासक होत्या, त्यामुळे त्यांनी अजिबातच केली नाही.

पहिल्या आल्या त्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई. झोप नीट लागत नाही ही तक्रार. शंभरातून सात त्यांनी तोंडाने धागा तोडावा इतक्या झटकन वजा केले. वार विचारल्यावर मात्र म्हणाल्या, "गुरुवार."

छोट्या मॅडमची लेखणी थबकली. त्यांनी हळूच पुन्हा विचारलं. पुन्हा गुरुवारच. तारीख चौदा. छोट्या मॅडमनी शिक्क्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि आयुष्यातला पहिला निष्कर्ष लिहिला: "काळाचे भान नाही."

दुसरा एक गवंडी होता. गुरुवार. तिसऱ्या आल्या त्या एका शाळेतल्या बाई, पोरांना गणित शिकवणाऱ्या. गुरुवार, चौदा. बारा वाजेपर्यंत गुरुवार सांगणारे दहा जण होऊन गेले आणि दहाही जणांना काळाचं भान नव्हतं. मधे फक्त एका गृहस्थांनी ठामपणे बुधवार सांगितला. ते गेले दोन महिने दर वेळी बुधवारच सांगत आले होते, पण छोट्या मॅडमना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी "काळाचे भान उत्तम" असं लिहून त्यांचं तोंडभर कौतुक केलं आणि त्यांना तपासणी न वाढवता घरी पाठवलं. गृहस्थ जाताना फार खूश दिसले.

मोठ्या मॅडम तीन दिवसांच्या परिषदेहून त्याच पहाटे परतल्या होत्या. बाहेरगावच्या झोपेने त्यांचे वार एकमेकांत मिसळून गेले होते आणि टेबलावर तेरा तारखेचे केसपेपर समोर होते, त्यामुळे त्यांनाही शंका यायचं काही कारण नव्हतं. दहा कागद त्यांनी एकामागून एक वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सगळ्यांचा एकच दिवस पुढे," त्या म्हणाल्या. "असं मी वीस वर्षांत पाहिलं नाही. छोट्या मॅडम, तुम्ही मोठी गोष्ट पकडलीत."

आणि त्यांनी दहाही कागदांवर सह्या ठोकल्या. छोट्या मॅडमना आभाळ ठेंगणं झालं. आता उद्या वहीवर सही म्हणजे नुसती औपचारिकता.

त्यानंतर आले ते निवृत्त बस कंडक्टर. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. ते दर महिन्याला झोपेच्या गोळ्या न्यायला यायचे, दुसरं काही नाही. त्यांनीही गुरुवार सांगितला; गुरुवार सांगणारे ते अकरावे. छोट्या मॅडम एव्हाना सरावल्या होत्या. त्यांनी मायेने समजावलं की काका, आज बुधवार आहे, होतं असं कधीकधी, घाबरू नका.

कंडक्टरकाका मुळीच घाबरले नाहीत. "बाई, एकतीस वर्षं मी तिकिटावर तारीख टोचली," ते म्हणाले. "मला माझं नाव विचारा, एखादे वेळी चुकेल. वार चुकायचा नाही."

छोट्या मॅडमनी "स्वतःच्या चुकीची जाणीव नाही" अशी ओळ वाढवली. मोठ्या मॅडमनी ती वाचून त्याही कागदावर सही केली, काकांच्या गोळ्या थांबवल्या आणि त्यांना संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली बाकावर बसवायला सांगितलं. काळाचं भान सुटलंय आणि वर हट्टही आहे, म्हणजे रात्री भरतीच करावी लागेल, असंही त्या बोलल्या. काकांनी शांतपणे विचारलं की सुनेला काय कळवू, आज गुरुवारी येत नाही म्हणून कळवू की बुधवारी.

दुपारभर छोट्या मॅडम त्या बाकावरून जा-ये करत राहिल्या. काका प्रत्येक वेळी नुसते हसायचे, वाट चुकलेल्या प्रवाशाकडे पाहून हसावं तसे. साडेतीनला छोट्या मॅडमना राहवेना. त्या तावातावाने केसपेपरच्या खिडकीशी गेल्या. काकांना पुरावाच आणून दाखवावा असा त्यांचा विचार होता.

खिडकीतले कारकून शिक्क्यावर शाई घालत होते. तारीख विचारल्यावर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चौदा."

"पण शिक्का तेराचा आहे."

"चाक फिरवायचं राहिलं सकाळी," कारकून म्हणाले. "गर्दी होती. मागे एकदा एकतीस तारीख आम्ही दोन दिवस चालवली होती. कुणी मेलं नाही त्यानं."

आज गुरुवार होता. पाच वाजता खिडकी बंद होणार होती. त्याहून वाईट म्हणजे अकरा धडधाकट शुद्धीतली माणसं छोट्या मॅडमनी स्वतःच्या हाताने भरकटलेली ठरवली होती, आणि त्यातलं एक बाकावर बसून होतं. त्या तशाच अधीक्षकांच्या खोलीकडे धावल्या.

अधीक्षकांना आज गुरुवार आहे हे सकाळपासून माहीत होतं. शिक्का चुकला आहे हेही दुपारी कळलं होतं. पण एकशे बारा केसपेपर वाटले गेले होते. नियमाप्रमाणे प्रत्येक खोडतोडीवर त्यांची सही लागते, ती तीन प्रतींत, म्हणजे तीनशे छत्तीस सह्या. त्यांनी त्याऐवजी एक परिपत्रक काढायचं ठरवलं होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं: कामकाजाच्या सोयीसाठी आज पाच वाजेपर्यंत रुग्णालयात बुधवार समजण्यात यावा.

"आणि रुग्ण?" छोट्या मॅडमनी विचारलं.

"त्यांना समजवा. समुपदेशन हे तुमचंच काम ना?"

चार वाजता छोट्या मॅडम वही छातीशी धरून मोठ्या मॅडमपुढे उभ्या राहिल्या. परिपत्रक टेबलावर आलेलं होतं. मोठ्या मॅडमनी वहीकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"तुमची परीक्षा गुरुवारी," त्या म्हणाल्या. "आज बुधवार. उद्या या."

उद्या म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवारी त्या वहीला रद्दीचाही भाव आला नसता. आज सही हवी तर आज गुरुवार आहे असं म्हणायला हवं. आज गुरुवार म्हटलं, तर वहीतले अकराच्या अकरा निष्कर्ष खोटे, आणि निष्कर्ष नसले तर सही नाही. छोट्या मॅडमनी मनातल्या मनात चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही गेलं तरी सहा महिने लागत होते. मग काकांचा तो इस्त्रीचा सदरा आणि रात्रीची भरती त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांना रडूच आलं.

"आज गुरुवार आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "अकरा जण बरोबर होते. मी चुकले. मला एक दिवस जास्तीचा हवा होता, म्हणून शिक्का पाहिल्याबरोबर मी तो खरा मानला, आणि जो जो गुरुवार म्हणाला त्याला मी आजारी ठरवलं. कंडक्टरकाकांना घरी जाऊ द्या. वहीत माझा एकही निष्कर्ष खरा नाही."

त्या अकरा कागदांवर मोठ्या मॅडमच्याही सह्या होत्या, ठळक, वळणदार. एकेक कागद पुढे ओढून त्यांनी स्वतःच्या सहीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि लिहायला लागल्या. छोट्या मॅडमनी उलट्या बाजूने वाचलं. रुग्ण: विभागातील शिकाऊ विद्यार्थिनी. काळाचे भान: सकाळी नऊ ते साडेतीन नाही. कारण: इच्छा. स्वतःच्या चुकीची जाणीव: पूर्ण आहे. खाली थोडी जागा सोडून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "विभागप्रमुखांस हीच लक्षणे, जाणीव चार वाजून दहा मिनिटांनी."

"हा बारावा निष्कर्ष," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीतला पहिला खरा. लावा तो वहीला."

त्यांनी वही ओढली आणि शेवटच्या पानावर सही केली. छोट्या मॅडमना हसावं की पाया पडावं ते कळेना. सहीखाली तारीख घालायची होती. मोठ्या मॅडमनी पेन टेकवलं, आणि पेन तिथेच अडलं. त्यांनी छोट्या मॅडमकडे पाहिलं. छोट्या मॅडमनी परिपत्रकाकडे पाहिलं, मग केसपेपरकडे, मग छताकडे. दिवसभरात त्या दोघींनी मिळून इतक्या जणांना इतक्या वेळा तारीख सांगितली होती, की आता स्वतःच्या मनातली तारीख लिहायचा धीर दोघींपैकी एकीलाही होत नव्हता.

शेवटी मोठ्या मॅडम उठल्या, दार उघडलं आणि बाकावर निरीक्षणाखाली बसलेल्या कंडक्टरकाकांपुढे जाऊन अदबीने उभ्या राहिल्या.

"काका," त्यांनी विचारलं, "आज तारीख काय?"

"चौदा," काका म्हणाले. "गुरुवार. आणि सवाचार झाले, त्या पोरीला आता पळू द्या."