यंत्राचा मागचा भाग

यंत्राशी समोरासमोर झुंज दिलेली आमच्या घराण्यातली मी एकटीच. तेव्हा यंत्रांविषयी काही विचारायचं असेल तर मला विचारावं, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी. सुनेने भांडी घासायचं मशीन आणलं तेव्हाही विचारलं नाही. सहा महिने झाले त्याला. "आई, आता तुम्ही भांड्यांना हात लावायचा नाही," असं तिने मला बजावलं आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

पण गेल्या महिन्यात नातीने विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही. ऑफिसातून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि माझ्या पलंगावर आडवी होऊन म्हणाली, "आजी, माझी नोकरी जाणार."

तिचं काम तक्रारींचं. शहरातली माणसं नळ, दिवे, रस्ते, गटारं यांबद्दल लिहितात. नात आणि तिच्याबरोबरच्या पाच मुली ते वाचतात आणि ज्या त्या विभागाकडे धाडतात. आता ते काम एक प्रोग्रॅम करणार होता. महिनाभर मुलींनी त्याच्या शेजारी बसायचं आणि त्याच्या चुकांची यादी करायची. चुका फार निघाल्या तर तो परत जाणार, नाहीतर मुली.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "भरपूर चुका लिहून दे."

नातीने माझी उशी तोंडावर ओढून घेतली.

"करत नाही का चुका?"

"ढिगाने करतो. एका माणसाने लिहिलं होतं, रस्ता खणल्यापासून नळाला पाणी नाही, घरात बाळंतीण आहे. याने ते धाडलं रस्त्यांकडे. आता मी यादी करत बसू, की आधी ते पाण्याकडे पाठवू?"

"पाठवलंस?"

"पाठवलं. आणि यादीत लिहायचं राहिलं."

"एक राहिलं तर काय होतंय?"

"एक नाही गं. जवळजवळ सगळ्याच चुका अशा राहिल्या. साहेब म्हणतात प्रोग्रॅम हुशार आहे. शुक्रवारी निकाल."

मी चष्मा काढून पुसला. मला हसू आवरत नव्हतं आणि ते दाखवायची वेळ नव्हती. हे मुलीच्या रक्तातच आलं होतं, आणि कोणाच्या बाजूने आलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"उठून बस," मी म्हटलं. "तुला मी यंत्राला कशी धूळ चारली ते सांगते."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, पोस्टात सॉर्टिंगला. बारा जणी आम्ही, उंच स्टुलांवर ओळीने बसायचो. प्रत्येकीसमोर लाकडी खान्यांची मांडणी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पत्र उचलायचं, पत्त्याखालचा विभागाचा आकडा बघायचा, खान्यात टाकायचं. मिनिटाला चाळीस पत्रं. बोलणं चालू, भाजीचे भाव चालू, कोणाच्या सासूने काय म्हटलं तेही चालू, पण हात कधी थांबायचे नाहीत.

आम्हाला शिकवलं मोठ्या बाईंनी. त्या खोलीतल्या सगळ्यांत जुन्या. नव्या मुलीने पत्र चुकीच्या खान्यात टाकलं की त्यांची लाकडी पट्टी बोटांवर बसायची. फार जोरात नाही, पण बसायची. "हे कोणाचं तरी आहे," एवढंच म्हणायच्या. पहिल्या वर्षी मी एवढी पट्टी खाल्ली की पुढे माझे हात माझं ऐकेनासे झाले. ते थेट बाईंचं ऐकायचे.

आणि एक दिवस यंत्र आलं. आठ माणसांनी ढकलत आणलं. लांबीला एखाद्या खोलीएवढं, रंगाने राखाडी, आवाज असा की दोनशे टाइपरायटर एकदम भांडताहेत. पुढून पत्रं घालायची, यंत्र आकडे वाचणार आणि खान्यांत टाकणार. त्याच्याबरोबर यंत्रवाला आला. किडकिडीत तरुण, कानामागे पेन्सिल, खिशात तेलकट रुमाल. यंत्राशी बोलायचा, आमच्याशी नाही.

साहेबांनी जाहीर केलं. गुरुवारी अकरा वाजता चाचणी, खऱ्या टपालाची दोन हजार पत्रं. पन्नासच्या वर चुका झाल्या तर यंत्र परत. नाहीतर सॉर्टिंगची खोली बंद आणि आम्हा बारा जणींच्या बदल्या, जिथे जागा असेल त्या गावी.

बाकीच्यांचं सोडा, मला बदली म्हणजे संकट होतं. वडील अंथरुणाला खिळलेले. उजवा हात, उजवा पाय गेलेला. घरात आम्ही दोघंच. घर पोस्टाच्या मागच्या गल्लीत, म्हणून मी दुपारी पळत जायचे, त्यांना भरवायचे, तोंड पुसायचे आणि पंचवीस मिनिटांत स्टुलावर परत. दुसऱ्या गावाहून कोण पळत येणार?

"पन्नास चुका," मोठ्या बाई म्हणाल्या, "करायला कितीसा वेळ लागतो?"

बेत बाईंनीच आखला. यंत्राच्या मागे हातभर रुंदीची एक फट होती, पत्रं अडकली तर काढायला. खाने तिकडूनही उघडायचे. मी सगळ्यांत बारीक. चाचणीआधी यंत्रवाला साहेबांबरोबर चहाला गेला की मी मागे शिरायचं. प्रत्येक खान्यातून मूठभर पत्रं उचलायची, शेजारच्या खान्यात टाकायची.

"जमेल ना?" बाईंनी विचारलं.

"डोळे मिटून," मी म्हटलं.

गुरुवारी मी आत शिरले. आत काळोख, धूळ आणि तेलाचा वास. अकरा वाजता यंत्र सुरू झालं आणि माझी पाठ, दात, हाडं सगळं एका तालात वाजू लागलं. खान्यांत पत्रं पडायला लागली. मी एकच्या खान्यातून पहिलं पत्र उचललं, फटीतल्या उजेडात धरलं. आकडा नऊ.

यंत्राने नऊचं पत्र एकमध्ये टाकलं होतं. म्हणजे यंत्र स्वतःच चुकत होतं. मला नुसतं हात बांधून बसून राहायचं होतं. पण ते पत्र माझ्या हातात होतं, आणि हात उठून नऊच्या खान्यात टाकून मोकळासुद्धा झाला.

बरं, एवढं एक. पुढचं उचललं, तेही चुकीचं. तेही गेलं आपल्या जागी. मग मी स्वतःची समजूत घातली की आधी सगळं नीट लावून घेऊ आणि मग पद्धतशीर बिघडवू. घाईघाईत बिघडवलं तर त्यात काही शिस्त राहत नाही.

तेवढ्यात एक पाकीट आलं. पेन्सिलने लिहिलेलं, अक्षरं डोंगर उतरणारी. 'बाबांना द्या, मोठा दवाखाना, खाट बारा.' खाली आकडा कोणा मोठ्या माणसाने घातलेला. ते मी शेजारच्या खान्यात टाकायला नेलं, खरंच नेलं. चाचणीनंतर मोजणी होणार, तेव्हा ते सापडणार, हे डोक्याला कळत होतं. बोटं मात्र पट्टीची वाट बघत आखडून बसली. शेवटी ते आपल्या खान्यात गेलं तेव्हा मला बरं वाटलं.

मग मी कामाला लागले ते लागलेच. यंत्र टाकतंय, मी शोधतेय, लावतेय. यंत्र हाताबाहेर गेलेल्या पोरासारखं पसारा करत होतं आणि मी आईसारखी मागून आवरत होते. या धावपळीत माझ्या वेणीची रिबन पत्रं वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात गेली. यंत्राने ती ओढली, वाचायचा प्रयत्न केला आणि धडधडत थांबलं.

मागचं दार उघडलं. यंत्रवाला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी धुळीने राखाडी, वेणी अर्धी सुटलेली, हातात सतरा पत्रं.

"तुम्ही इथे काय करताय?" तो कुजबुजला.

"यंत्र बिघडवतेय," मी म्हटलं. खोटं बोलायला वेळच नव्हता.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात हाताने आणखी एक नऊ उचलून नऊमध्ये टाकला होता.

"असं?"

"हे आधी नीट लावून घेते. मग बिघडवणार आहे."

तो आणखी हळू म्हणाला, "दोन गावांनी हे परत पाठवलंय. इथूनही गेलं तर कंपनी मलाही परत पाठवणार. कायमचा." रिबन सोडवत त्याने बाहेरचा कानोसा घेतला. "असं करा, आज नीट लावून घ्या. बिघडवायचं मागाहून बघू. आणि बाई, नऊचा खाना बघा. तिथे जरा घोळ करतं."

बाहेरून साहेब ओरडले, "काय झालं?"

"सुटा भाग होता, साहेब," रिबन खिशात घालत तो म्हणाला. "आता ठीक आहे."

शेवटची शंभर पत्रं राहिली असताना मला शिंक आली.

"हा आवाज कसला?"

"गरम हवा सोडतंय, साहेब."

दोन हजार पत्रं मोजली गेली. चुका शून्य. साहेबांनी तिथेच भाषण केलं. म्हणाले, इतकी वर्षं माणसांकडून जे झालं नाही ते आज यंत्राने करून दाखवलं. आत, अंधारात, हे कौतुक ऐकून मला एक क्षणभर छान वाटलं. मग मी काय केलंय ते माझ्या ध्यानात आलं.

सगळे गेल्यावर मी बाहेर आले. अकरा जणी उभ्या होत्या. 

"किती चुका केल्यास?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं आणि रडायला लागले. "बाई, हात ऐकेनात."

मला वाटलं आता पट्टी. बाईंनी माझे दोन्ही हात धरले, काळेकुट्ट झालेले, आणि आपल्या पदराने एकेक बोट पुसायला लागल्या. "मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "मी आत शिरले असते तरी हेच झालं असतं." आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी त्यांना, मग एकीला, मग सगळ्यांना. बदल्या समोर दिसत होत्या आणि आम्ही बारा जणी भिंतीला धरून हसत होतो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राच्या मागे नव्हते. यंत्राने एकशे त्रेचाळीस चुका केल्या. साहेब लालबुंद. "काल तर एकही नव्हती!"

यंत्रवाल्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. खोटं निभावलं असतं त्याला. हवा दमट आहे, वीज कमी आहे, काहीही. पण तो म्हणाला, "साहेब, काल मागे एक भाग जोडलेला होता. आज नाही."

"मग जोडा की."

"तो भाग तिकडे तिसऱ्या स्टुलावर बसलाय."

साहेब वरून खाली माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दार लावून दोघांनाही अर्धा तास झाडलं. पण यंत्राची बातमी वर मुख्य कचेरीत गेली होती, कौतुकही येऊन पोहोचलं होतं. ते परत कसं करणार? शेवटी यंत्र राहिलं, आणि त्याच्या मागे माझं स्टूल राहिलं. अकरा वर्षं मी तिथे बसले, आणि दुपारी पळत जाऊन वडिलांना भरवलं, ते होते तोपर्यंत.

"आणि बाकीच्या?" नातीने विचारलं.

"मोठ्या बाई तिकिटांच्या खिडकीवर गेल्या. बाकीच्या दहा दहा गावी. पहिल्या वर्षी सगळ्यांची पत्रं आली. मीच लावायचे ती."

नात उठून बसली होती. "आणि यंत्रवाला?"

"त्याला नोकरीत ठेवलं. सहा महिन्यांनी एकदा यंत्राला तेल घालायला यायचं ठरलं होतं. तो दर पंधरा दिवसांनी यायला लागला, आणि आला की आमच्या घरीही डोकवायचा. वडील एकदा म्हणालेसुद्धा, तुमचं यंत्र फारच नाजूक दिसतंय."

पलीकडच्या खोलीतून तिच्या आजोबांचा खोकला ऐकू आला. नातीने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सिनेमात भेटलात असं सांगितलं होतंत मला."

"सिनेमाला नंतर गेलो."

"पण आजी, तू यंत्राला धूळ कुठे चारलीस? तू तर त्याला जिंकवलंस."

"धूळ मी खाल्ली, ते खरं," मी कबूल केलं. "पण मुद्दा ऐक. मुकाट्याने मागून आवरत बसू नकोस. साहेबाला जाऊन सांग की हुशार तो नाही, त्याच्या मागचा भाग हुशार आहे. माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी तोंड उघडलं. तू आपलं आपण उघड."

तिने सांगितलं. शुक्रवारचा निकाल पुढे गेला. साहेबाने आठवडाभर प्रोग्रॅमला एकट्याने चालू दिलं, आणि पाण्याचे लोक रस्त्यावर, रस्त्याचे लोक गटारावर असा सावळागोंधळ झाला. मग सहापैकी तिघींना ठेवलं. नात राहिली. तिघी गेल्या. त्या दिवशी नात घरी येऊन जेवली नाही, आणि मीही तिला जेव म्हटलं नाही. नुसती शेजारी बसून राहिले.

तर सांगायचं तात्पर्य, यंत्राच्या चुका कधीही गुपचूप सुधारू नयेत. हे मी नातीला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

आता राहता राहिलं आमचं भांड्यांचं मशीन. सून रोज संध्याकाळी ग्लास उजेडात धरते आणि म्हणते, "बघा आई, माणसाला जमेल का असं?" मी म्हणते, छे, कसं जमणार. ती सकाळी कामाला गेली की मी मशीन उघडते, एकेक भांडं पुसून बघते आणि नळाखाली धरते. काय करू? हात ऐकत नाहीत.

काल अशीच उभी होते. मागे चप्पल वाजली. म्हातारा दारात, कानामागे पेन्सिल. मला वाटलं आता सुनेला सांगणार. त्याने आधी बाहेरचा कानोसा घेतला. मग मला पन्नास वर्षांपूर्वीसारखं अहोजाहो करत कुजबुजला,

"बाई, खालचा कप्पा बघा. तिथे जरा घोळ करतं."